सगळ्यांच्या स्क्रीनवर

परीक्षेला अजून बराच अवकाश होता, तरी गारखेडा परिसरातल्या त्या इमारतीखाली उमेदवारांची रांग पार रस्त्यापर्यंत गेली होती. मे महिन्यातला रविवार. पाऊस सलग दुसऱ्या वर्षी दगा देऊन गेलेला. औरंगाबादेत, म्हणजे शहराचं नाव तेव्हा अजून बदललं नव्हतं, नळाला पाणी आलं तर आलं, नाहीतर टँकरची वाट बघा. कन्नड, पिशोर, पाचोड, कुठून कुठून पोरं-पोरी पहाटेच्या एसटीनं आणि जीपनं आली होती. एका सहकारी संस्थेत लिपिकांची भरती निघाली होती. गावाकडं रानात करण्यासारखं काही उरलं नव्हतं, त्यामुळं जागा मूठभर आणि अर्ज पोत्यानं.

मनस्विनी दुसऱ्या मजल्याच्या खिडकीतून ती रांग पाहत होती. हा कॉम्प्युटर क्लास तिचा आणि तिच्या नवऱ्याचा, देवेशचा. औरंगपुऱ्यात सासऱ्यांच्या घरातल्या एका खोलीत दोघांनी तो सुरू केला. शहर बीड बायपासच्या बाजूला पसरत गेलं, नव्या वसाहती झाल्या, तसा त्यांनी इकडं मोठा हॉल घेतला. जागा, परवानग्या, जाहिराती हे सगळं देवेशचं. शिकवणं तिचं.

तिच्या शिकवण्याची एक खुबी होती. सुरुवातीला ती प्रत्येकाच्या खुर्चीमागं जाऊन दाखवायची, आणि शेवटच्यापर्यंत पोचेतो पहिला सगळं विसरलेला असायचा. मग तिनं एक प्रोग्राम शोधून आणला. लॅबमधले सगळे कॉम्प्युटर एकमेकांना जोडलेले होतेच. तिनं बटण दाबलं की तिची स्क्रीन मुलांच्या स्क्रीनवर दिसायची. ती इकडं टाइप करायची आणि तिकडं अक्षरं उमटत जायची. एकदोघांनाच दाखवायचं असेल तर त्यांच्या नंबरापुढं टिक करायची, सगळ्यांना दाखवायचं तर 'ऑल'. उलटंही करता यायचं. हव्या त्या मुलाची स्क्रीन तिला आपल्या जागेवरून बघता यायची. आणि तिनं पाठवलेली खिडकी मुलांना बंद करता यायची नाही. तसं तिनंच करून ठेवलं होतं, नाहीतर पोरं ती बारीक करून गाणी बघत बसायची.

परीक्षा घेणाऱ्या कंपनीची माणसं शनिवारी येऊन गेली होती. परीक्षेच्या कॉम्प्युटरवर दुसरा कुठलाही प्रोग्राम चालणार नाही, असं त्यांनी बजावलं होतं. मनस्विनीनं स्वतः एकेका मशीनवर बसून आपला तो प्रोग्राम काढून टाकला होता.

म्हणून सकाळी मशीन चालू करत फिरताना ती पहिल्याच रांगेत थबकली. स्क्रीनच्या खालच्या कोपऱ्यात, घड्याळाशेजारी, तिच्या प्रोग्रामची खूण असलेला एक निळा ठिपका होता. माहीत नसलेल्याला तो दिसलाही नसता. तिनं शेजारचं मशीन पाहिलं. तिथंही होता. त्याच्या पुढच्यावरही.

कंपनीचा निरीक्षक खाली गेटवर उमेदवारांची ओळखपत्रं तपासत होता. बद्रीनाथ खरात नावाचा तो मध्यमवयीन, शिस्तीचा माणूस. त्याला आत्ताच सांगावं असं तिच्या मनात आलं. पण आधी देवेशला विचारू, असं म्हणून ती लॅबच्या मागच्या केबिनकडं गेली. केबिनला लॅबच्या बाजूनं काच होती. काचेला काळी फिल्म लावलेली, त्यामुळं आतून बाहेरचं दिसायचं, बाहेरून आतलं दिसायचं नाही.

केबिनमध्ये देवेश एकटा नव्हता. सोफ्यावर काकासाहेब बशीत चहा ओतून पीत बसले होते. ही इमारत त्यांची. परिसरात त्यांचे टँकर फिरायचे, आणि देवेशला परीक्षेचं केंद्र मिळवून देण्यात त्यांचीच खटपट होती. मनस्विनीच्या टेबलाशी, तिच्या खुर्चीशेजारी, एक चष्मेवाला तरुण बसला होता. त्याला तिनं कधी पाहिलेलं नव्हतं.

"देवेश, मशीनवर तो प्रोग्राम परत कुणी टाकला?"

देवेशनं दार लावलं. "हळू बोल."

"कुणी टाकला?"

"काल रात्री एकाकडून टाकून घेतला. तोच आज इथं बसणार होता. सकाळपासून फोन उचलत नाहीये." देवेशच्या कपाळावर घाम होता. "मनू, ऐकून घे. आठ मशीन. फक्त आठ. हे प्रश्न बघून उत्तरं लिहितील, ती त्या आठ जणांना कोपऱ्यात दिसतील. बाकी कुणाला काही कळणार नाही. तुला नुसतं टिक करून बटण दाबायचंय."

मनस्विनीला आधी वाटलं, आपण नीट ऐकलं नाही. मग तिनं चष्मेवाल्याकडं पाहिलं. तो खाली मान घालून बोटं मोडत होता.

"मी खरातांना सांगते," ती म्हणाली आणि वळली.

"सांग," देवेश म्हणाला. आवाज चढला नाही, उलट बसला. "जा, सांग. केंद्र माझ्या सहीनं घेतलंय. लॅब माझी. पोलीस पहिल्यांदा मलाच नेतील. मग आई-बाबांना काय सांगायचं ते तू सांग."

"वहिनी, बसा," काकासाहेब म्हणाले. ते जागचे हलले नव्हते. "एवढं काय नाय त्यात. माझा भाचा हाय त्यात, बाकीची बी आपलीच पोरं हायती. आमी तर चहा प्यायला आलोय, आमचं नाव कुठल्याच कागदावर नाय. साहेबांची मात्र सही हाय. तुमीच इचार करा."

"आणि ज्यांच्या जागा जातील त्यांचं काय?" मनस्विनीनं देवेशला विचारलं.

"कुणाची गेली हे कुणाला कळणार आहे?"

बाहेर पोरं आत यायला लागली होती. चपलांचे आवाज, खुर्च्या ओढल्याचे आवाज. देवेशनं तिच्या खांद्यावर हात ठेवला. "एवढ्या वेळेस. पुन्हा नाही. मला बाहेर थांबावं लागेल, खरातवर लक्ष ठेवायला." आणि तिच्या उत्तराची वाट न बघता तो बाहेर गेला.

मनस्विनी खुर्चीत बसली. बसले म्हणजे काही हो म्हटलेलं नाही, असं ती स्वतःला सांगत राहिली. अजून वेळ आहे, अजून काही झालेलं नाही. पण परीक्षा सुरू झाली, चष्मेवाल्यानं एक मशीन बघायला मागितलं, आणि तिच्या हातानं ते उघडून दिलं. त्या मशीनवरचे प्रश्न इकडं दिसू लागले. चष्मेवाला भराभर वाचत होता. प्रत्येकाला प्रश्न वेगळ्या क्रमानं येणार हे त्याला ठाऊक होतं, म्हणून तो कोऱ्या पानावर प्रश्नाचे पहिले दोन शब्द आणि पुढं उत्तर, असं लिहीत होता. हुशार होता पोरगा. मनस्विनीला त्याचा राग यायच्या आधी वाईट वाटलं, मग राग आला.

"झालं पहिलं पान. पाठवा," तो म्हणाला.

तिनं माउसवरचा हात काढून मांडीवर ठेवला.

"वहिनी," सोफ्यावरून आवाज आला.

तिनं काचेतून देवेशकडं पाहिलं. तो दाराशी हाताची घडी घालून उभा होता आणि काळ्या काचेकडं, पलीकडची ती आपल्याला दिसणार नाही हे विसरून, नजर लावून होता. लहान मुलासारखा घाबरलेला चेहरा. या माणसाबरोबर तिनं संसार केला होता. टेबलावर नंबर आणि नावांची यादी ठेवलेली होती; तिनं त्या आठ नंबरांपुढं टिक केली आणि बटण दाबलं.

आठ स्क्रीनची आठ छोटी चित्रं तिच्यासमोर आली. प्रत्येकाच्या कोपऱ्यात पांढरी खिडकी उघडली. सात जणांनी काही हालचाल केली नाही. त्यांना अगोदर सांगितलेलं होतं. त्यांचे बाण आरामात उत्तरांवर जाऊ लागले. आठव्या चित्रात मात्र बाण वेड्यासारखा फिरत होता. खिडकीच्या कोपऱ्यावर जायचा, दाबायचा, परत दाबायचा. खिडकी काही बंद होत नव्हती.

मनस्विनीनं ते चित्र मोठं केलं. चौदा नंबरचं मशीन. वर उमेदवाराचा फोटो आणि नाव होतं: रत्नमाला सोनाजी.

"हे काय?" ती जवळजवळ ओरडली. "चौदावर तर तुमचा भाचा होता!"

काकासाहेब प्रथमच उठले. काचेजवळ गेले. "आयला. त्यो तर तिकडं खिडकीपाशी बसलाय."

खरातांनी आयत्या वेळी काही उमेदवारांच्या जागा बदलल्या होत्या. ती त्यांची सवयच होती. फोन सगळ्यांचे गेटवर काढून घेतलेले, त्यामुळं देवेशला आत कळवता आलं नव्हतं. किंवा त्याच्या लक्षातच आलं नव्हतं.

रत्नमालाला मनस्विनी चांगली ओळखत होती. पिशोरजवळच्या वस्तीवरची पोरगी. वडील मेंढरं राखायचे. चाऱ्यासाठी कळप घेऊन ते गोदाकाठाकडं उतरले होते, आई बानाबाई मिळेल त्या कामाला जायची. रत्नमाला मुकुंदवाडीत मावशीकडं राहून क्लासला यायची. फारशी हुशार म्हणावी अशी नव्हती. एकच गोष्ट चार वेळा विचारायची, पण विचारायला लाजायची नाही, आणि शिकलेलं विसरायची नाही. आज सकाळी रांगेत तिनं वर बघून हात हलवला होता. तिची आई खाली लिंबाच्या सावलीत पिशवी मांडीवर घेऊन बसलेली होती.

विचारू नकोस, मनस्विनी मनात म्हणाली. गप्प बस गं पोरी, तशीच पेपर सोडव. मी काढते ते तुझ्या मशीनवरून.

पण तिचा हात टिक काढायला जाईपर्यंत काचेपलीकडं रत्नमालाचा हात वर गेला होता.

खरात तिच्याकडं गेले. केबिनचं दार पूर्ण बसत नसे, त्या फटीतून शब्दन् शब्द ऐकू येत होता.

"सर, माज्या कॉम्प्युटरवर कायतरी आलंय. मी काढायलेय, पण ते जात नाय."

खरात वाकले. मग ताठ झाले. "उभी राहा. माउसवरचा हात काढ."

सगळा हॉल वळून बघू लागला.

"कुणी टाकलं हे?"

"मला नाय माहीत, सर."

"उत्तरं आहेत ही! नाय माहीत म्हणजे?" खरातांनी डावीकडचं मशीन पाहिलं, उजवीकडचं पाहिलं. दोन्हीकडं काही नव्हतं. "शेजारी नाही, पलीकडं नाही, तुझ्याच मशीनवर कसं?"

"सर, मीच तर तुमाला बलावलं," रत्नमाला म्हणाली. तिचा आवाज फाटला. "मला करायचं असतं तर मी कशाला बलावलं असतं?"

खरात क्षणभर थांबले. त्यांना ते पटत होतं, असं मनस्विनीला काचेतून वाटलं. तेवढ्यात देवेश तिथं पोचला.

"काय झालं, सर?"

"हे बघा."

देवेशनं पाहिलं. त्याचा रंग उडाला. पण एकच क्षण. मग तो शांतपणे म्हणाला, "सर, ही आमच्याच क्लासची मुलगी. याच लॅबमध्ये शिकलीय. हिला इथलं सगळं ठाऊक आहे. काल संध्याकाळी सुद्धा ही इथं घुटमळत होती. मला तेव्हाच शंका यायला हवी होती."

काल संध्याकाळी लॅबमध्ये मनस्विनीशिवाय कुणी नव्हतं.

"सर, खोटंय ते!" रत्नमाला म्हणाली. "देवेश सर, मी कुठं आले होते काल? सांगा ना. सर!"

"आता पकडली जाईन या भीतीनं स्वतःच हात वर केला असेल," देवेश खरातांना म्हणाला. रत्नमालाकडं त्यानं पाहिलं नाही. "खिडकी बंद होईना म्हणून."

"चल बाहेर," खरात रत्नमालाला म्हणाले. "कॉपी केस होईल. कंपनीला कळवावं लागेल. पुढं कुठल्याच परीक्षेला बसता यायचं नाही."

केबिनमध्ये चष्मेवाला उभा राहिला होता. "मॅडम, बंद करा. बंद करा लवकर, सगळ्यांवरून जाईल ते."

"बंद करा, वहिनी," काकासाहेब म्हणाले. आता त्यांच्या आवाजात चक्क दिलासा होता. "त्या पोरीवर गेलंय, जाऊ द्या. आपल्यावरची बला टळली. देवेशराव डोक्याचे हायत बघा."

मनस्विनीचा हात माउसवर होता. बंद करायचं बटण बाणाच्या अगदी जवळ होतं. एकदा दाबलं की आठही खिडक्या मिटल्या असत्या. सात जणांनी पहिल्या पानाएवढी उत्तरं टिपलीच होती. देवेश सुटला असता, काकासाहेब चहा संपवून गेले असते, संध्याकाळी सासूबाईंनी विचारलं असतं, परीक्षा नीट पार पडली का. आणि खरातांच्या डोळ्यांनी पाहिलेलं मशीन एकच राहिलं असतं, चौदा नंबरचं.

तिनं बाण बाजूला नेला आणि 'ऑल' दाबलं. मग खिडकी मोठी केली, स्क्रीनभर.

बाहेर एकदम कालवा झाला. "ओ सर!" "सर, माझा पेपर गेला!" "हे काय आलं?" हॉलमधल्या प्रत्येक कॉम्प्युटरवर प्रश्न झाकले गेले होते आणि एकच पान दिसत होतं: ओळीखाली ओळ, प्रश्नाचे दोन शब्द आणि उत्तर. खरातांच्या स्वतःच्या टेबलावरच्या मशीनवर सुद्धा तेच.

"काय केलं तुमी?" काकासाहेब पुढं आले.

मनस्विनीनं कीबोर्ड स्वतःकडं ओढला, उत्तरांच्या खाली गेली आणि टाइप करायला लागली. 'ही उत्तरं मागच्या केबिनमधून येत आहेत.' काकासाहेबांनी तिचा डावा हात मनगटात धरला. पकड घट्ट होती, तिच्या बांगड्या हातात रुतल्या. "सोडा ते. वहिनी, सोडा म्हनतो ना." ती उजव्या हाताच्या एका बोटानं लिहीत राहिली. अक्षरं चुकत होती, काने-मात्रा राहत होत्या. चष्मेवाल्यानं वायर उपटायला टेबलाखाली हात घातला, भलतीच वायर ओढली, पंखा बंद पडला. मग त्यानं नादच सोडला आणि दार उघडून पळाला.

बाहेरचा गलका थांबला होता. पोरं वाचत होती. अक्षर उमटेल तसतसं वाचत होती, आणि कुणीतरी मोठ्यानं वाचायला लागलं:

"'पाठवणारी मी आहे. मनस्विनी. चौदा नंबरच्या मुलीचा यात काही समंध नाही. ती काल इथे आली नव्हती.'"

काकासाहेबांनी तिचा हात सोडला. काचेतून त्यांनी पाहिलं, सगळा हॉल केबिनकडं तोंड करून उभा होता. उपरणं खांद्यावर टाकलं, मागच्या जिन्याच्या दारानं निघून गेले.

मनस्विनी उठली आणि केबिनच्या बाहेर आली. देवेश रत्नमालाच्या खुर्चीला टेकून उभा होता. त्याच्या चेहऱ्यावर राग नव्हता, काहीच नव्हतं. तो तिच्याकडं असं बघत होता जसं काही ती कुणी परकी बाई, चुकून त्याच्या लॅबमध्ये शिरलेली.

"खरात साहेब," ती म्हणाली, "पोलिसांना बोलवा. ते आठ नंबर माझ्या कॉम्प्युटरवर आहेत. त्यातला चौदा सोडा."

परीक्षा तिथंच थांबली. पोलीस आले, पंचनामा झाला, सगळे कॉम्प्युटर सील झाले. जिन्यात उमेदवार अडवून ठेवलेले. मनस्विनीला खाली नेत असताना पाचोडचा एक मुलगा तिच्या वाटेत आला. शर्ट घामानं पाठीला चिकटलेला.

"मॅडम, माझा पेपर चांगला चालला होता," तो म्हणाला. "माझं वय निघून चाललंय. तुमच्या भानगडीत माझं काय चुकलं?"

तो खरं बोलत होता. आणखी दोघं-तिघं काही बोलली, एकीनं शिवी दिली. लिंबाखाली बानाबाई रत्नमालाला पोटाशी धरून उभी होती. रत्नमाला हुंदके देत होती. बानाबाईनं मनस्विनीकडं पाहिलं. त्या नजरेत उपकार मानल्यासारखं काही नव्हतं.

"माज्या पोरीनं तुमचं काय वाकडं केलं होतं?" तिनं विचारलं.

"काही नाही, बानाबाई."

"मग तिच्या कॉम्प्युटरात ते कशापायी घातलं?"

"घालायचं दुसऱ्याच्या होतं," मनस्विनी म्हणाली, आणि म्हणताना ते ऐकायला किती वाईट आहे हे तिचं तिलाच कळलं.

जबाबात तिनं काही लपवलं नाही. पहिलं बटणही मीच दाबलं, असं सांगितलं. म्हणून तिचंही नाव फिर्यादीत आलं, आणि वकील करून तिला जामीन घ्यावा लागला. पुढं सरकारी पक्षानं तिला माफीचा साक्षीदार केलं. देवेशला त्याच संध्याकाळी अटक झाली. चष्मेवाला बसस्टँडवर सापडला. काकासाहेब आठवडाभर गायब होते. सापडले, आणि देवेशच्या आधी जामिनावर सुटून घरी गेले. इमारतीत त्यांचे टँकर यायचे बंद झाले. खालचे दुकानदार, वरचे बिऱ्हाडकरू, सगळे मनस्विनीवर तणतणले. तिनं हॉल सोडला.

औरंगपुऱ्याच्या घरात सासरे श्रीनिवासराव तिच्याशी कामापुरतं बोलत. सासूबाई, यमुनाबाई, बोलतच नसत. एकदाच, दुपारी, माठातलं पाणी गाळता गाळता त्या म्हणाल्या, "बाहेर येऊन हळूच त्या साहेबाच्या कानात सांगितलं असतंस तर? जगासमोर कशाला लिहायचं?"

"तेवढा वेळ नव्हता, आई."

"वेळ सकाळपासून होता," यमुनाबाई म्हणाल्या.

रोज रात्री विचार करता करता मनस्विनीही याच गोष्टीशी येऊन थांबत असे. पंधरा दिवसांनी ती सिडकोत एक खोली घेऊन राहायला गेली.

त्या वर्षी पाऊस आला, चांगला आला. भरती रद्द झाली होती ती दिवाळीनंतर पुन्हा निघाली, आणि परीक्षा नाशिकच्या केंद्रावर झाली. रत्नमाला बसली. खरातांनी कंपनीला लिहून दिलं होतं की मुलीनं स्वतः होऊन तक्रार केली, त्यामुळं तिच्यावर डाग राहिला नव्हता. निकाल लागला तेव्हा तिनं मनस्विनीला फोन केला.

"नाय लागलं नाव, मॅडम. थोडक्यात गेलं."

"वाईट झालं गं."

"व्हय. पर ह्या वेळेला पेपर माजा मी सोडवला, कुनी मधी आलं नाय." जरा थांबून ती म्हणाली, "जिल्हा परिषदेची निघायलीय. तेला अर्ज केलाय. तुमी शिकवता का अजून?"

मनस्विनीनं सांगितलं, की एका शाळेत शिकवते. रत्नमालानं कुठली, वेळ काय, असं सगळं विचारून घेतलं, आणि येते म्हणाली.

देवेशला जामीन मिळायला बरेच महिने लागले. तो सुटणार त्या दिवशी श्रीनिवासरावांना बरं नव्हतं, म्हणून यमुनाबाईंनीच निरोप धाडला: तूच जा. मनस्विनी स्कूटर घेऊन हर्सूलच्या कारागृहाबाहेर जाऊन थांबली. दुपार कलली तेव्हा तो बाहेर आला. वाळला होता, केस पांढरे झाले होते. तिला बघून त्याला आश्चर्य वाटल्याचं दिसलं नाही.

दोघं रस्त्याकडेच्या टपरीवर उभं राहून चहा प्यायले. त्यानं बाबांची चौकशी केली. तिनं सांगितलं.

"आत एकच विचार करायचो," देवेश म्हणाला. "तू बंद दाबलं असतंस तर? एकच बटण, मनू. सगळं मिटलं असतं."

"रत्नमाला अडकली असती."

"तिला काय होणार होतं?" तो म्हणाला. चिडून नाही, समजावल्यासारखं म्हणाला. "एखादी परीक्षा बुडाली असती. घरी गेली असती, लग्न झालं असतं तिचं. त्या लोकांना एवढं काही नसतं. आपलं सगळं होतं पणाला."

मनस्विनीनं हातातला पेला खाली ठेवला. इतके महिने तिला वाटत होतं, त्या दिवशी तो घाबरला होता. घाबरलेला माणूस काहीही बोलून जातो. त्या एका समजुतीवर ती आज इथवर आली होती, त्याला न्यायला. आता तो घाबरलेला नव्हता. चहा पीत, उन्हात, निवांत उभा होता.

"रिक्षा समोरच मिळते," ती म्हणाली. "औरंगपुरा सांग. आई वाट बघतायत."

"आणि तू?"

"माझा तास आहे."

तिनं दोघांच्या चहाचे पैसे दिले आणि स्कूटर चालू केली. तो काहीतरी म्हणाला, पण इंजिनाच्या आवाजात तिला ते नीट ऐकू आलं नाही, आणि तिनं पुन्हा विचारलं नाही. हर्सूलच्या चढावर तिच्या लक्षात आलं, की तिला रडू येत नाहीये. उशीर झालेला होता. तिनं वेग वाढवला.